तुम्ही विचारलंत म्हणून: सापाला ऊब कशाला?

“साप थंड रक्ताचा ना, मग त्याला हीटर कशाला?” मी पाळलेल्या सापाबद्दल हा प्रश्न मला साताऱ्यातल्या आमच्या पेठेत, शाळेच्या शिक्षक-खोलीत आणि दर दिवाळीला मावशीकडून ऐकावा लागतो. लाड चालले आहेत, असा त्यामागचा सूर असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

‘थंड रक्ताचा’ हा शब्दच घोटाळा करतो. सापाचे रक्त थंडच असते असे नाही. त्याला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाल्लेला उंदीर पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते, आणि ती कमी पडली तर तो उंदीर ओकून टाकतो. माझा बॉल पायथन, म्हणजे अजगराची एक लहान जात, त्याच्या मूळ मुलखात, पश्चिम आफ्रिकेत असता, तर ऊब हवी तेव्हा उबेला आणि नको तेव्हा बिळात गेला असता. चार फुटी पेटीत ठेवून ती मुभा मीच काढून घेतली आहे. म्हणून पेटीचे एक टोक ३२ अंशांवर आणि दुसरे २६ अंशांच्या आसपास ठेवणे हे माझे कर्तव्य ठरते.

हे मला आधीपासून कळत होते, असा दावा मी करणार नाही. पहिल्या हिवाळ्यात मी पेटीखाली गरम होणारी चटई अंथरली आणि तापमान पाहून ती चालू-बंद करणारा थर्मोस्टॅटही जोडला. एवढ्याने भागले, असे मला वाटले होते. जानेवारीतल्या एका रात्री पाण्याचे भांडे धुऊन परत ठेवताना थर्मोस्टॅटच्या वायरचे टोक, ज्यावरून त्याला तापमान कळते, ते माझ्या हातून गार बाजूला सरकले. तिथली गार हवा मोजून थर्मोस्टॅटने चटई रात्रभर बंदच होऊ दिली नाही. ओठांवरच्या खळग्यांनी अंधारात उंदराची ऊब टिपणारा तो प्राणी पोटाखालचा चटका मात्र ओळखू शकला नाही. खोली गारठलेली होती आणि ऊब तेवढीच होती, म्हणून तो तिथेच वेटोळे घालून पडून राहिला. सकाळी त्याला उचलले, तेव्हा पोटाचे पांढरे खवले तळहाताएवढ्या जागेत तांबूस झाले होते आणि दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड आले होते. कापडी पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर धरून मी खंबाटकी घाटातून पुण्याच्या डॉक्टरांकडे गेले. पुढचे कित्येक आठवडे रोज मलम लावायचे आणि नारळाच्या भुशाऐवजी कोरा कागद अंथरायचा, असे चालले. तीन वेळा कात टाकल्यावर जखम भरली, डाग राहिला.

आता ते टोक चिकटवून पक्के केले आहे आणि वर वेगळा तापमापक आहे. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर असतो, कारण लाल दिवाही त्याचा अंधार मोडतो. दिवसा बारा तास साधा पांढरा दिवा पुरतो. अतिनील दिवा लावावा की नाही, याबाबत माझे मत दोनदा बदलले आहे आणि तिसऱ्यांदाही बदलेल. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवते, पण एवढ्याने पहाटेची थंडी भागत नाही, हेही मी जाणते.

“मग पाळायचाच कशाला?” असे मावशी पुढे विचारते. तिला मी अजून उत्तर दिलेले नाही.