माशी कुठे शिंकली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या टेबलावरची काचेची बरणी पाहिली की बहुतेक जण हेच विचारतात, "या सगळ्या बिघडलेल्या माश्या साठवता कशाला? टाकून का देत नाही?"

माशी म्हणजे घरात घोंघावणारी नव्हे. गळावर दोरा, पिसं, केस, तार गुंडाळून केलेलं किड्याचं सोंग. ट्राउटसारखे मासे पाण्यातले आणि पाण्यावरचे किडे खातात, त्यांना फसवायला हा खटाटोप. उद्योग जुना आहे. 1496 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत 12 माश्यांचं वर्णन आहे. त्या 12 जमण्याआधी किती जणांच्या किती फसल्या असतील, हा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो.

बरणीत दोन जातीच्या माश्या आहेत. काही बांधतानाच बिघडलेल्या, काही पाण्यात झिजलेल्या. दोघींना एकच न्याय लावून चालत नाही.

बांधताना माशी कुठे शिंकते ते आता मला पाठ आहे. शेपटी लांब होते. गळाच्या मानाने कोंबड्याचं पीस मोठं निवडलं जातं. त्याचे तंतू गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या, दीडपट-दुप्पट असावेत, आपण हाताला लागेल ते पीस उचलतो आणि माशीचा होतो झाडू. पण ही सगळी दिसण्याची व्यंगं. खरं व्यंग एकच, आणि ते नवशिक्याच्या दहातल्या आठ माश्यांत सापडतं: डोक्यापाशी जागाच उरलेली नसते. आपण शेपटीकडून बांधत पुढे येतो, उत्साहात साहित्य कोंबत जातो, आणि शेवटी गळाच्या नेढ्यापाशी पोचतो तेव्हा दोऱ्याला गाठ मारायला तसूभर जागा नसते. मग दोरा नेढ्यावरच चढतो, वरून लाखेचा थेंब पडतो, नेढं बुजतं. संध्याकाळी थंडीने बोटं आखडलेली, अंधारून आलेलं, समोर मासे उसळ्या मारतायत आणि तंगूस काही त्या भोकातून जात नाही. ही माशी कितीही देखणी असली तरी उपयोग शून्य. उलट तिरकी, लठ्ठ, एका बाजूचे तंतू उडालेली माशी नेढं मोकळं असेल तर बिनधास्त डबीत जाते. नेढं नुसतं लाखेने बुजलं असेल तर जुन्या गळाच्या टोकाने उकरून पाहते. दोराच चढला असेल तर थेट बरणीत.

बरणीतल्या माश्या महिन्या-दोन महिन्यांनी सोडवायला घेते. ब्लेडने वरून एक चीर दिली की सगळं साहित्य सालासारखं निघतं, गळ आणि डोक्यापाशी ओवलेला जड मणी परत मिळतो. तसं झटपट करायलाही हरकत नाही. मी मात्र निदान दोन-तीन माश्या ब्लेड न लावता उलट्या उलगडते. गाठ सोडायची आणि दोरा एकेक वेढा मागे घ्यायचा. जिथे 4 वेढे पुरले असते तिथे 15 दिलेले असतात. घाबरलेल्या हाताचे वेढे ओळखू येतात, एकावर एक, एकाच जागी. तारेचं टोक नीट न दाबल्यामुळे वर आणखी दोरा, त्यावर आणखी. डोक्यापाशी जागा का उरली नाही, याचं उत्तर शेपटीपाशी सापडतं. बांधण्याबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं या उलट प्रवासात कळलं. (सुपरग्लू लावलेल्या माश्या उलगडत नाहीत, तेव्हा शिकताना तो न लावलेला बरा.)

झिजलेल्या माश्यांची कथा वेगळी. ट्राउटच्या टाळूवरसुद्धा बारीक दात असतात. मोरपिसाचे तंतू त्या दातांपुढे फार टिकत नाहीत. म्हणून तर मोरपीस एका दिशेने गुंडाळतात आणि त्यावर तांब्याची बारीक तार उलट्या दिशेने. तंतू तुटला तरी तारेखाली अडकून राहतो. पिसं नुसती चपटी झाली असतील तर चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर क्षणभर फिरवा, पुन्हा उभी राहतात. यात जादू वगैरे नाही, चुरगळलेल्या लोकरीलाही वाफ लागली की ती फुलते.

आता तो दावा, जो प्रत्येक जुना गळकरी करतो: कुरतडलेल्या माशीलाच मासा जास्त लागतो. याला आधार आहे. नदीच्या तळातला किडा पंख फुटायच्या वेळी वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी कात टाकायला धडपडतो, आणि अनेकांना ते साधत नाही. अर्धवट कातीत अडकलेला, वेडावाकडा, पळू न शकणारा किडा म्हणजे माशाला आयता घास. कोरी करकरीत माशी तशी दिसत नाही, फाटकी दिसते. म्हणून सशाच्या कानाचे केस वापरून केलेली माशी बांधून झाल्यावर सुईने मुद्दाम विस्कटतात. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी तर फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्यावर माशी केली. दोरा नाही, पायसुद्धा नाहीत, कारण पोहताना तो किडा पाय अंगाशी घेतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

तरीही माझा या दाव्यावर पूर्ण विश्वास नाही. माशी फाटते कशाने? मासे लागल्याने. म्हणजे फाटकी माशी ही आधीच पास झालेली माशी. जी चालली नाही ती आपण लगेच बदलली, ती डबीत नवीच्या नवी पडून आहे. मग फाटक्या माश्या यशस्वी दिसणारच की!

टाकून मी काय देते? गंजलेला गळ. ओली माशी डबीत बंद केली की तिच्याबरोबर शेजारणीही जातात, म्हणून वापरलेली आधी टोपीवर टोचून वाळवते. मोठ्या माशाने सरळ केलेला गळही जातो. वाकवून पुन्हा आकारात आणला तरी त्यातला जीव गेलेला असतो. टोक नखावर टेकवून हलकेच ओढते, घसरलं तर बोथट. घासून धार येत नसेल तर त्याची रवानगी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उघड्या कचऱ्यात कधीही नाही, तो उचलणाऱ्याच्या बोटांचा काय दोष?

"नवशिक्यांना देऊन टाका की" असंही सुचवतात. ते मला पटत नाही. नवशिक्याला मासा लागला नाही तर चूक आपली की माशीची, हे त्याला कळायला मार्ग नसतो. त्याला माझ्याकडची चांगली माशी द्यावी. फेकण्याच्या सरावाला मात्र बरणीतली देते, टोक पक्कडीने तोडून.

एक कबुली राहिली. मी शिकत होते तेव्हा एका जाणत्याने नमुना म्हणून आपली एक जुनी माशी दिली. मी ती भिंगाखाली धरून हुबेहूब डझनभर बांधल्या. दाखवायला नेल्यावर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "शेपटी कुठाय?" त्याच्या माशीची शेपटी माशांनी कधीच खाल्ली होती. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचितच कुणी केलं असेल. त्या 12 टाकवेनात म्हणून वापरल्या, आणि त्यांना मासे लागले.

आता मी दोन्ही बांधते. डबीत वरच्या ओळीत शेपटीच्या, खालच्या ओळीत बिनशेपटीच्या. खालची ओळ नेहमी आधी संपते. अर्थात हात आधी तिकडेच जातो, हेही खरं.