व्हिला उघडा कधी असतो ते आधी बघा

मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे म्युनिकला आले होते. व्हेनिस तर त्यांना बघायचंच होतं, पण गर्दीत चालून बाबांचे गुडघे धरतात, म्हणून म्हटलं दोन दिवस व्हेनिस उरकू आणि तीन दिवस व्हिचेंझात मुक्काम ठोकून इटलीच्या त्याच व्हेनेतो प्रांतातले जुने व्हिला बघू. व्हिला म्हटल्यावर आईच्या डोळ्यासमोर लोणावळ्याचा स्विमिंग पूलवाला बंगला आला, त्यामुळे ती आधीपासूनच नाखूश.

पहिल्याच दिवशी पोपट झाला. सकाळी साडेनऊला एका व्हिलाच्या फाटकावर हजर आणि फाटकाला हे एवढं कुलूप, कारण आत सोडायचे दिवस आठवड्यातले ठराविकच आणि मी कुठलंतरी जुनं वेळापत्रक बघून आलेलो. चूक माझीच, नाव नाही घेत. तर जे जाणार असतील त्यांच्यासाठी सांगतो, आधी वारांचा तक्ता करा आणि नकाशा नंतर उघडा. यातले बरेच व्हिला खाजगी आहेत, कुठेकुठे मालक अजून तिथेच राहतात, काही फक्त उन्हाळ्याच्या मोसमात उघडतात, कुठे बागेचे दिवस वेगळे आणि आतल्या खोल्यांचे वेगळे, वर दुपारी जेवायची सुट्टी. मी त्या रात्री हॉटेलात बसून प्रत्येकाच्या वेबसाइटवरून वार-वेळ लिहून काढले, दोन ठिकाणी ईमेल टाकून खात्री केली, आणि मग ट्रिपची गाडी रुळावर आली.

व्हिचेंझातला रोतोंदा आणि वालमाराना आय नानी हे दोन्ही एका दिवसात होतात, एकातून दुसऱ्यात पायी दहा-पंधरा मिनिटं, फक्त वाट दगडी आणि उताराची आहे, बाबांना काठी लागली. रोतोंदा टेकडीवर, मधे घुमट आणि चारही बाजूंना सेम टु सेम पायऱ्या आणि सहा-सहा खांब. पोपच्या दरबारात नोकरी करून परत आलेल्या पावलो आल्मेरिको नावाच्या धर्मगुरूसाठी पल्लादिओ या सोळाव्या शतकातल्या वास्तुकाराने हा बांधायला घेतला. घर मुद्दाम तिरकं बसवलंय, म्हणजे भिंती नाही तर कोपरे चार दिशांना येतात, कुठलीच खोली उन्हावाचून राहत नाही. आईचा एकच प्रश्न, “मग मुख्य दार कुठलं, उंबऱ्याची पूजा करायची कुठे?”

वालमारानात कुंपणाच्या भिंतीवर १७ दगडी बुटके उभे आहेत. मालकाची मुलगी बुटकी होती आणि तिला ते कळू नये म्हणून नोकरही बुटकेच ठेवले होते अशी दंतकथा. आतली भिंतीवरची चित्रं तिएपोलो या चित्रकार बापलेकांची, १७५७ची. बापाने देवादिक आणि वीरपुरुष रंगवलेत, ते मोठे वगैरे आहेतच, पण पाहुण्यांच्या घरात पोराने साधे शेतकरी जेवायला बसलेले काढलेत, बाबा त्या भिंतीसमोरून हलायलाच तयार नव्हते.

तिसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन मासेरला, व्हिला बारबारो. (गाडी घेणार असाल तर जुन्या गावांच्या मधे झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी, अशी पाटी दिसली की आत घुसू नका, कॅमेरा असतो, दंड घरी येतो.) इथे दारातच बुटांवर चढवायला नमद्याच्या मोठ्या सपाता देतात, जुनी फरशी खराब होऊ नये म्हणून. सगळे पर्यटक पाय घासत घासत चाललेले. आई म्हणाली, “तिकीट आपण काढायचं आणि फरशीही आपणच पुसून द्यायची.” पण चित्रकार वेरोनेझेची भिंतीवरची चित्रं बघून गप्प झाली. वरच्या सज्जातून घरची मालकीण खाली बघतेय, शेजारी म्हातारी दाई, पोपट, छोटं कुत्रं, आणि एका अर्धवट उघड्या दारातून एक लहान मुलगी डोकावते. आईने त्या मुलीकडे बघून चक्क हसून मान हलवली. मुलगी रंगाची, दारही रंगाचं.

बाबांचं लक्ष मात्र तिसरीकडेच. माणूस पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढलेला. मी त्यांना सांगत होतो की हे सगळे शेतावरचे वाडे आहेत, दोन्ही बाजूंना लांबच लांब ओवरी असते ती अवजारांना आणि धान्याला, इथल्या दोन टोकांना वर कबुतरखाने आणि खाली सूर्यघड्याळं. वास्को द गामा १४९८ला कालिकतला पोचला, मिऱ्यांचा धंदा पोर्तुगीजांकडे सरकायला लागला, इकडे धान्याचे भाव चढत होते, तेव्हा व्हेनिसच्या पैसेवाल्यांनी जमिनीत पैसा घातला. एवढं सगळं बाबांनी हं हं करत ऐकलं. मग मागच्या खिडकीतून अर्धगोल तळं दिसलं आणि मी म्हटलं की पल्लादिओने १५७०च्या पुस्तकात इथल्या पाण्याचं लिहून ठेवलंय, डोंगरातला झरा आधी या तळ्यात, मग स्वयंपाकघरात, तिथून बागांना, मग रस्त्याकडच्या दोन मत्स्यतळ्यांत आणि शेवटी फळांच्या मळ्याला.

“म्हणजे सगळं उतारावर? पंप नाही काही?”

“४५० वर्षांपूर्वी कुठला पंप, बाबा.”

पुढचा अर्धा तास ते बाहेर फिरून जमिनीचा उतार बघत होते, आई सावलीत बसून कंटाळली. गाडीत बसल्यावर त्यांनी तिकिटाच्या मागे पेनने झरा, तळं, चूल, बाग, मासे, मळा असं बाण काढून लिहिलं. ते तिकीट आता आमच्या फ्रीजवर चिकटवलंय. चुलीच्या आणि बागेच्या मधल्या बाणाखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, “गळती किती?”