बॉनेटखालची गरम हवा

माझी जुनी बोलेरो, 2523 सीसीचं डीआय इंजिन. हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो आहे, पण ती हवा गार करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, नव्हता. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं म्हणजे थेट 1350 मीटरच्या आसपास चढायचं. मे महिन्यात माणसं-सामान भरून निघालं की दुसऱ्या गिअरमध्येही गाडी धापा टाकायची. टर्बोच्या तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून बघितलं: बाहेर 34 अंश आणि टर्बोतून निघणारी हवा 112. हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते, मग इंजिनच्या वाट्याला कमी येते.

इंटरकूलर रेडिएटरसमोर लावायचा तर लांबलचक पाईप आणि पुढची सगळी कापाकापी आली. म्हणून वरच बसवायचं ठरवलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात पहिल्या फॉर्च्युनर 3.0 चा मिळाला. त्या गाडीत तो मुळातच इंजिनच्या डोक्यावर, स्कूपखाली (बॉनेटवरच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाखाली) असतो. डिझेलने तीनदा धुतला तेव्हा कुठे आतलं काळं तेल निघालं.

तो आणि बॉनेटवर स्कूप बसवायला दोन रविवार लागले. त्यात सांगण्यासारखं एकच: पाईपच्या टोकाला कड उठवलेली हवीच. मिस्त्री म्हणाले, "दादा, क्लिप आवळली की झालं, जातंय कुठे?" पहिल्याच चढाला होज (रबरी नळी) निसटला, मागे काळा धूर आणि गाडीत दमच नाही. मग टोकाला वेल्डिंगची बारीक रिंग फिरवून घेतली. त्यानंतर एकदाही निसटला नाही.

खरं काम पुढेच होतं. चालत्या गाडीत इंटरकूलरनंतरच्या हवेचा आकडा 66 अंश, पण घाटात एसटीमागे थांबलो की पाच मिनिटांत 84. खाली टर्बो तापलेला, पुढून पंखा रेडिएटरची गरम हवा फेकतोय. इंटरकूलरच तापून बसतो.

बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घाला, मागून गरमी निघून जाईल, असं जो तो सांगत होता. उभ्या गाडीत खरंच निघते, मी खूश होतो. हायवेला 80 च्या वेगात मात्र आकडा 74 वर गेला. काही सुचेना. शेवटी बॉनेटच्या मागच्या कडेला लोकरीचे तुकडे चिकटवले आणि आतून मोबाईलवर शूटिंग केलं. सगळे धागे फटीतून आत ओढले गेले होते! वारा काचेवर आदळतो, तिथे दाब वाढतो आणि हवा उलटी बॉनेटखाली घुसते. खालीच दाब वाढल्यावर स्कूपमधली हवा इंटरकूलरच्या जाळीतून उतरणार कशी? वॉशर त्याच दिवशी काढले.

मग स्कूप आणि इंटरकूलरमधली फट. दरवाजाचं रबरी बीडिंग चारी बाजूंनी लावलं, त्यावर खडूची पूड फासली आणि बॉनेट बंद केलं. उघडल्यावर वर पांढरी चौकट उमटली होती, फक्त डाव्या कोपऱ्यात चार बोटं कोरी. तेवढ्या जागी बीडिंगचा दुहेरी थर दिला. टर्बो आणि इंटरकूलरच्या मध्ये स्टीलचा पत्रा टाकला, दोन्हींपासून बोटभर अंतर ठेवून. टर्बोपासून खाली जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाईपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. टर्बोला मुद्दाम नाही. तिथे उष्णता कोंडली तर आतलं तेल करपतं आणि बेअरिंगची वाट लागते.

आता चालताना 58, थांबल्यावर 70, आणि गाडी हलली की मिनिटभरात खाली. गेल्या खेपेला प्रतापगडच्या फाट्याअलीकडचा चढ भरल्या गाडीने तिसऱ्यात काढला. पावसाआधी स्कूपखालच्या वायरींच्या कनेक्टरना रबरी टोप्या बसवायच्या राहिल्यात. महाबळेश्वरचा पाऊस सरळ त्यांच्यावरच पडणार आहे.