तुम्ही विचारलेत म्हणून: सायकलला आरसा कोणता लावावा?

रविवारी सकाळी खडकवासल्याला किंवा बोपदेव घाटाच्या माथ्यावर चहासाठी थांबले, की माझ्या हेल्मेटला लावलेल्या छोट्या आरशाकडे पाहून कोणीतरी हमखास विचारते, “याचा खरंच उपयोग होतो का? आणि घ्यायचाच म्हटला, तर कोणता घ्यावा?” उभ्या-उभ्या, एका हातात कप धरून दिलेले उत्तर अपुरे राहते, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या डोळ्यांवर, सायकलवर बसण्याच्या ढबीवर आणि तो रोज कोणत्या रस्त्याने जातो यावर अवलंबून असते. म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

उपयोग निश्चित होतो. रस्त्यावर सायकलस्वाराला एकच निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, तो म्हणजे आत्ता उजवीकडे सरकावे की नाही. पुढे खड्डा येतो, कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडण्याची शक्यता दिसते, एसटी थांब्याला लागलेली असते, आणि प्रत्येक वेळी मागून काय येत आहे हे कळल्याशिवाय हलता येत नाही. मान वळवून नीट मागे पाहायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढा रस्ता आपण न पाहता कापलेला असतो. आरशावर टाकलेली नजर त्याहून बरीच लवकर परत पुढे येते, त्यामुळे ती वारंवार टाकता येते, आणि मागच्या रस्त्याचे चित्र मनात सतत ताजे राहते. उलट्या वाऱ्यात कान निकामी होतात आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटर आवाज न करता अगदी जवळ येतात, तेव्हा तर हे चित्र फारच मोलाचे ठरते.

मात्र एक गोष्ट पहिल्यापासून मनात पक्की असावी. आरसा आपल्याला ‘थांब’ असे खात्रीने सांगू शकतो, ‘जा’ असे कधीच सांगू शकत नाही. आरशात गाडी दिसली, तर सरकायचे नाही हे ठरले. मान वळवण्याचे कष्टही वाचले. आरशात काहीच दिसले नाही, तर मान वळवून खात्री करायची, हात दाखवायचा आणि मगच सरकायचे. आपल्या अगदी उजव्या खांद्याशी आलेली दुचाकी बहुतेक आरशांत दिसत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची असते. जे लोक आरसा लावल्यावर मागे पाहणे सोडून देतात, त्यांनी तो काढून ठेवलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवडीकडे वळू. दुकानात आरशाचा आकार, दांडी आणि रंग पाहिले जातात. पाहायला हवा तो आरशाचा पृष्ठभाग, म्हणजे तो सपाट आहे की फुगीर. सपाट आरशात मागची गाडी तिच्या खऱ्या अंतराला जेवढी दिसावी तेवढीच दिसते, परंतु दृश्य अरुंद असते. पाच सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा हॅण्डलवर, डोळ्यांपासून 65 सेंटिमीटरवर बसवला, तर 50 मीटर मागचा जेमतेम चार मीटर रुंदीचा पट्टा त्यात मावतो. ही झाली रस्त्याची एक मार्गिका, आणि तीही आरसा हलला नाही तर. फुगीर आरसा दृश्य रुंद करतो, पण जितके पट रुंद करतो तितके पट लहानही करतो. दृश्य तिप्पट रुंद झाले, तर 50 मीटरवरचा ट्रक 150 मीटरवर असल्यासारखा इवलासा दिसतो, आणि ‘अजून लांब आहे’ ही चुकीची समजूत आपल्याला उजवीकडे सरकायला भाग पाडते.

शहरातल्या रस्त्यावर हा दोष फारसा नडत नाही. तिथे गाड्यांचा वेग कमी असतो, त्या दहा-वीस मीटरवर असतात आणि दोन्ही बाजूंनी येतात. त्यामुळे रुंद दृश्य जास्त कामाचे. महामार्गाचा हिशेब निराळा आहे. मागून ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी ताशी 20 ने चालणाऱ्या सायकलच्या जवळ सेकंदाला सुमारे 17 मीटर या गतीने येते. ती 50 मीटरवर ओळखू आली तर हातात तीन सेकंद असतात, 100 मीटरवर ओळखू आली तर सहा. पुणे-सातारा रस्त्यावर किंवा जुन्या मुंबई महामार्गावर नियमित जाणाऱ्याने असाच आरसा घ्यावा, ज्यात 100 मीटरवरची गाडी ट्रक आहे की मोटार, आणि ती बाहेरून जात आहे की कडेने येत आहे, हे एका नजरेत कळेल. मोठ्या फुगवट्याच्या स्वस्त गोल आरशात हे कळत नाही.

चाळिशी लागलेल्या वाचकांसाठी इथे आणखी एक मुद्दा आहे, जो दुकानदार सहसा सांगत नाहीत. सपाट आरशातली प्रतिमा, वस्तू जितकी दूर तितकीच दूर असते, म्हणून आरसा कितीही जवळ असला तरी डोळा लांबचेच पाहत असतो. फुगीर आरशातली प्रतिमा मात्र आरशाच्या लगेच मागे, हाताच्या अंतरावर तयार होते, आणि तिथे नजर स्थिरावायला जवळचे दिसण्याची क्षमता लागते. लांबचे स्वच्छ दिसणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला हॅण्डलवरच्या फुगीर आरशातले दृश्य धूसर वाटते आणि तो काच पुसत राहतो, ते यामुळे. अशांनी दुकानातच आरसा हाताच्या अंतरावर धरून रस्त्यावरच्या पाट्या आणि माणसे स्पष्ट दिसतात का हे पाहावे. त्याच वेळी एखाद्या दाराची सरळ चौकट आरशात पाहावी. फुगीर आरशात ती एकसारखी बाकदार दिसणे स्वाभाविक आहे, पण मध्येच लाटेसारखी हलली तर काच किंवा ॲक्रिलिक सदोष आहे, आणि असा आरसा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

माझ्या हेल्मेटवरचा आरसा रुपयाच्या नाण्यापेक्षा फार मोठा नाही, तरीही मी तो पसंत करते, कारण तो डोळ्याच्या जवळ आहे. किल्लीच्या भोकाला डोळा लावला की सगळी खोली दिसते, तसेच हे आहे. अडीच सेंटिमीटरचा सपाट आरसा डोळ्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल, तर 50 मीटर मागचा सुमारे साडेबारा मीटर रुंदीचा भाग दिसतो, म्हणजे हॅण्डलवरच्या त्याच्या दुप्पट रुंद सपाट आरशापेक्षा तिप्पट, आणि तोही काहीही लहान न होता. रस्त्याचे हादरे हात, खांदे आणि मान शोषून घेतात, म्हणून प्रतिमा स्थिर राहते. डोके किंचित फिरवले की मागचा रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाळता येतो. एका डोळ्यासमोर आरशामुळे झाकला जाणारा पुढचा तुकडा दुसऱ्या डोळ्याला दिसत असतो, त्यामुळे पुढचे काही हरवत नाही. मात्र सवय व्हायला काही दिवस जातात, आणि सुरुवातीला काहींना गरगरल्यासारखे होते. हा आरसा काचेचा असू नये, त्याच्या कडा गोल असाव्यात आणि पडल्यावर तो सहज सुटून यावा. तो बसवण्यासाठी हेल्मेटला भोक पाडणे सर्वस्वी चूक आहे. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच भिंगातून लांबचे आणि जवळचे दाखवणारा चष्मा असेल, तर भिंगाच्या खालच्या कडेला दृश्य वाकते, म्हणून आरसा भुवईच्या पातळीच्या जवळ, जरा वर ठेवावा.

ज्यांना डोळ्याजवळ काही नको असते, किंवा जे रोज वेगळे हेल्मेट वापरतात, त्यांच्यासाठी हॅण्डलच्या टोकाचा आरसा उत्तम. सरळ हॅण्डलची बाहेरची जाडी बहुधा 22.2 मिलिमीटर असते आणि रोड सायकलच्या वळलेल्या हॅण्डलची 23.8, परंतु टोकात खुपसायच्या आरशासाठी आतला व्यास मोजावा लागतो, आणि तो नळीच्या भिंतीप्रमाणे बदलतो. खोक्यावर लिहिलेल्या मर्यादेत तो बसतो का हे पाहूनच पैसे द्यावेत. ग्रिपचे टोक बंद असेल तर ते धारदार पात्याने गोल कापावे लागते. असा आरसा नळीच्या आत फुगणाऱ्या पाचरीने पकडला जातो; कार्बनच्या हॅण्डलमध्ये ती आवळताना फार जपावे. क्लॅम्पने बसणाऱ्या आरशाखाली पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तर आरसा घसरत नाही आणि थरथरही कमी होते. दांडी जितकी लांब तितकी थरथर जास्त, म्हणून आखूड दांडीचाच घ्यावा. बोटाने टिचकी मारली की किती वेळ कापतो, ते दुकानातच दिसते. ज्याच्या गोळीच्या सांध्याला (बॉल जॉइंटला) आवळायचा स्क्रू नाही, तो काही आठवड्यांत मान टाकतो. आरसा हॅण्डलच्या वर लावायचा की खाली, असेही विचारले जाते. शक्य असेल तिथे खाली लावावा, कारण वरच्या बाजूचा आरसा पंक्चर काढण्यासाठी सायकल उलटी केली की आधी जमिनीला टेकतो.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून आरसा उजवीकडे. हे सांगण्याची गरज पडते, कारण उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले काही आरसे फक्त डाव्या बाजूलाच नीट वळतात. बसवल्यावर तो उभ्या सायकलकडे पाहून लावू नये. भिंतीला टेकून, नेहमीच्या ढबीत बसावे, हात नेहमीच्या जागी ठेवावेत आणि मागे दहा-वीस पावलांवर कोणाला तरी उभे करावे. आरशाच्या आतल्या कडेला स्वतःच्या दंडाची बारीकशी पट्टी दिसावी, कारण तिच्यामुळे आपण नेमके कुठे पाहत आहोत हे कळते. क्षितिज मध्यावर असावे, आकाश निम्म्याहून जास्त नसावे.

घाटात हॅण्डलवरच्या आरशावर विसंबू नये. उजवीकडे वळणाऱ्या रस्त्यावर मागचा रस्ता आपल्या उजव्या मागे असतो आणि तो निदान फुगीर आरशात सापडतो. डाव्या वळणावर तो आपल्या पाठीमागून डावीकडे गेलेला असतो आणि उजव्या आरशात नुसती दरी किंवा डोंगर दिसतो. शिवाय चढावर जोर लावताना हॅण्डल डोलते आणि त्याबरोबर दृश्यही. हेल्मेटच्या आरशात डोके वळवून काही अंशी भरपाई करता येते, पण वळणावळणाच्या घाटात कान आणि मान हीच खरी साधने.

आरशाची खरी कसोटी मी उसाच्या हंगामात सातारा-कराडकडच्या रस्त्यांवर पाहते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर सायकलइतक्याच वेगाने चाललेला असतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि त्याच्या मागे राहावे तर धूळ आणि धूर. त्याला ओलांडायचे म्हणजे बराच वेळ मार्गिकेच्या मध्यावर राहायचे. अशा वेळी मी आधी ट्रॉलीपासून अंतर वाढवते, म्हणजे पुढचा रस्ता दिसतो. मग आरशात लागोपाठ दोन-तीनदा पाहते. मागची मोटार दोन नजरांच्या मधल्या काळात किती मोठी झाली, यावरून तिचा वेग कळतो. एकदाच पाहून अंतर कळते, वेग कळत नाही. ती जाऊ द्यायची, तिच्यामागे आणखी कोणी नाही हे आरशात पाहायचे, मान वळवून खात्री करायची, हात दाखवायचा आणि मग सलग, न कचरता बाहेर पडायचे. चढ असेल, तर मी ओलांडतच नाही.

रात्री आरसा निम्मेच काम करतो. दिवा दिसतो, अंतर दिसत नाही, आणि एकच दिवा दिसला तर ती मोटरसायकल आहे की एक दिवा गेलेला ट्रक, हे सांगता येत नाही. तो ट्रकच आहे असे धरून कडेला राहावे. मागून प्रखर दिवे डोळ्यांवर आले, तर आरसा क्षणभर खाली वळवता यायला हवा, म्हणून सांधा फार घट्टही नको. तरीही ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत, जिथे 600 किलोमीटर 40 तासांत पूर्ण करायचे असतात, दुसऱ्या दिवशी मान इतकी आखडते की आरसा नसेल तर लोक मागे पाहणेच टाळू लागतात.

कायद्याचेही विचारले जाते. मागचा आरसा मोटार वाहनांना बंधनकारक आहे, आणि पायाने चालवायची सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे सक्ती नाही. जर्मनीत ताशी 45 किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या वेगवान विद्युत सायकलींना आरसा लावावाच लागतो, आणि वेग वाढला की त्याची गरज किती वाढते हे त्यावरून कळते.

मुलांच्या सायकलला आरसा लावावा का, हे पालक विचारतात. मी आधी एक चाचणी घ्यायला सांगते. मोकळ्या मैदानात आखलेल्या रेघेवरून मुलाला सायकल चालवू द्यावी, आपण मागून चालत राहावे, हाक मारावी आणि किती बोटे दाखवली ते त्याला मान वळवून सांगायला लावावे. बोटे बरोबर सांगताना सायकल रेघ सोडत असेल, तर अजून सराव हवा आणि आरसा नको. रेघ न सोडता सांगता आले, की उजव्या टोकाला फुगीर, न फुटणाऱ्या ॲक्रिलिकचा, आखूड दांडीचा आरसा खुशाल लावावा, आणि उंची वाढून सीट वर केली की तो दर वेळी पुन्हा जुळवून द्यावा.