बाण, मिशा आणि चौकोन

मे महिन्यात आमच्या फाट्यावर बाणांची गर्दी होते. लग्नसराई असते ना. डांबरी रस्त्यावर चुन्याचा भलामोठा बाण, बाणाच्या पोटात नवरा-नवरीची नावं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून ट्रॅक्टर गेले की आधी नवरीचं नाव पुसलं जातं. यंदा त्यातला एक बाण झेडपीच्या शाळेकडे वळलेला होता. लेकरांच्या उन्हाळी शिबिराचा. काढणाऱ्याने पोटात काही लिहायचा कंटाळा केला, म्हणून वऱ्हाडाची एक अख्खी जीप शाळेत येऊन उतरली. मंडळींनी पाणी मागितलं, हातपाय धुतले, नवरदेव कुठवर आला याची चौकशी केली. लेकरं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली तेव्हा कुठे एका म्हाताऱ्या मामांना शंका आली.

मला तिथे दुपारचा चित्रकलेचा तास दिला होता. बाहेर ऊन चटकत असताना पोट्ट्यांना वर्गात धरून ठेवायचं, इतकाच त्याचा अर्थ. पण त्या जीपने माझं लक्ष भलतीकडेच लावलं. रोज जाता-येता दिसणारी शाळेची भिंत मी पहिल्यांदा वाचल्यासारखी पाहिली.

दर्शनी भिंतीवर सर्व शिक्षा अभियानाची पेन्सिल आहे, मुलगा-मुलगी स्वार झालेली. आमच्या पेंटरच्या हातून पेन्सिलीचं टोक जरा खाली कललं, त्यामुळे ती दोघं बंडीत बसून वावरात निघाल्यासारखी दिसतात. मला ती मूळ चित्रापेक्षा आवडतात. संडासाच्या भिंतीवर स्वच्छ भारतचा चष्मा, एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’. हे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केलेलं, 2014 चं. सेवाग्राम आम्हाला लांब नाही. तिथल्या आश्रमातला गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी 2011 साली आली होती. खरा चष्मा गेला, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या संडासांवर एकेक चष्मा आला. बापूंना यात गंमत वाटली असती, असं मला उगाच वाटतं.

पण माझं खरं भांडण आहे ते मिशांशी. मुलांच्या बाजूच्या दारावर झुपकेदार मिशांचा फेटेवाला गडी आणि मुलींच्या बाजूला अंबाडा घातलेली, ठसठशीत कुंकवाची बाई. शाळा पहिली ते सातवी! दुसरीतल्या पोराने कोणत्या हक्काने त्या मिशांखालून आत जावं? मी हे सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मॅडम, आजपावेतो एकही पोट्टं चुकलं नाही.” हे उत्तर झालं का? दरवर्षी रंग देताना त्या मिशा थोड्या वाढतात, हे मी शपथेवर सांगते.

शिबिरात गट पाडले आणि प्रत्येक गटाला चिन्ह द्यायचं ठरलं. तिथे सगळे अडकले. कमळ नको, पंजा नको, घड्याळ नको, मशाल नको, धनुष्यबाणाचं तर नावच काढू नका. हत्ती, सायकल, कंदील, पतंग, इंजिन, सगळी आधीच कोणाची ना कोणाची. मी आपली कपबशी सुचवली, तर कमिटीतले एक काका एकदम गप्प झाले. मागच्या ग्रामपंचायतीला ते कपबशीवर पडले होते. शेवटी मोर, कापसाचं बोंड आणि वाघ यांवर निभावलं. वाघही कोणाचा तरी आहेच म्हणा, पण आमच्याकडे तो टिपेश्वरच्या अभयारण्यातला.

चित्रांना विषय दिला होता ‘आपल्या भागातली थोर माणसं’. चेहरा एकालाही जमला नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. हातात खराटा नि डोक्यावर खापर म्हणजे गाडगेबाबा. खंजेरी म्हणजे तुकडोजी महाराज. चिलीम म्हणजे शेगावचे गजानन महाराज, आणि चिलमीचा धूर मात्र प्रत्येकाने मन लावून काढलेला. एका पोरीने खराटा आणि खंजेरी एकाच माणसाच्या दोन हातांत दिली. हे कोण गं, तर म्हणे, “दोघंही आहेत मॅडम, दोस्त होते न ते.” होतेच. तिला मार्क कुठून कापणार?

आमच्या लहानपणी शिबिर म्हणजे स्काऊट-गाईडचं. पळसाच्या रानात सर पुढे जाऊन खुणा करून ठेवायचे आणि आम्ही मागून माग काढायचा. दगडांचा बाण म्हणजे इकडून या. फुली म्हणजे इकडे नाही. चौकटीत आकडा आणि बाहेर बाण, म्हणजे तितक्या पावलांवर चिठ्ठी पुरली आहे. एकदा एका गुराख्याच्या शेळ्या आमच्या आधी त्या वाटेने गेल्या. बाणाचं टोक इकडे, दांडा तिकडे. आमची टोळीनायिका मोठी हुशार, तिने उरलेल्या दगडांचाही अर्थ लावला आणि आम्हाला पावलं मोजायला लावून एक वारूळ उकरायला बसवलं. मुंग्या निघाल्या, चिठ्ठी नाही. कोणाच्या फ्रॉकमध्ये, कोणाच्या वेणीत, नुसता हैदोस. गुराखी पोरगा धुऱ्यावर बसून बोरं खाल्ल्यासारखं तोंड करून बघत होता. शेवटी सरच शोधत आले.

त्या खुणांतली एक मला अजून आवडते, दगडांचं वर्तुळ आणि मधोमध एक खडा. म्हणजे ‘मी घरी गेलो आहे’. वाट संपली, आता शोधू नका. स्काऊट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल 1941 साली केनियात वारले, तिथे न्येरीला त्यांच्या थडग्यावर हीच खूण कोरली आहे. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही मुली गृहपाठ झाला की वहीच्या शेवटच्या पानावर गोल काढून मध्ये टिंब द्यायचो, इतकंच.

तर आताच्या पोट्ट्यांना मी सांगितलं, घरातल्या रिकाम्या खोक्यावरचं, पाकिटावरचं एकेक चिन्ह कापून आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग. तेलाच्या पाकिटाचा ॲगमार्क, कुठल्याशा खोक्यावरचा आयएसआय, रॉकेटवाली काडेपेटी, आणि बिस्किटांच्या पुड्यावरचे हिरवे ठिपके तर विचारू नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हे पहिलीतल्यालाही पाठ. मांसाहाराचा तपकिरी गोल जाऊन आता त्रिकोण झालाय, हेही एकाने मलाच शिकवलं.

त्या ढिगात एक कागद जाडसर होता. तिरका उभा चौकोन, वरचा अर्धा पांढरा, खालचा अर्धा भडक हिरवा. हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला.

“हे काय रे?”

“फवारणीचं औषध, मॅडम. शाकाहारीवालं.”

वर्गात कोणीच हसलं नाही. त्यांना ते बरोबरच वाटत होतं.

मी फळ्यावर चार चौकोन काढले. लाल, पिवळा, निळा, हिरवा. कीटकनाशकांच्या डब्यांवर हे रंग 1971 च्या नियमांनुसार येतात. लाल सगळ्यात जहाल, त्यावर कवटी असते. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. विष चारही. आमच्याकडे या बाटलीला सगळे औषधच म्हणतात, दुकानदारही, मीही. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, फवारा सरळ तोंडावर यायचा. समोर बसलेल्यांतली बरीच लेकरं तेव्हा जन्मलीही नव्हती. पंप मात्र बहुतेकांच्या घरी तोच असेल.

कागद आणणारा पोरगा फळ्याकडे बघत बराच वेळ बसला.

“मंग मॅडम, विष आहे तं त्याले हिरवा कायले देल्ला?”

मी म्हटलं, तू आधी हात धुऊन ये. आणि तुम्ही सगळेच उठा, साबण कपाटात आहे.