तलावात बुडालेला फोन आणि आप्पांची ६४ पुस्तकं

आधीच सांगतो, हे वाचून कुणाचं अडकलेलं ई-पुस्तकांचं खातं एका दिवसात उघडेल असं काही नाही. मला सव्वातीन महिने लागले आणि तेही पुरतं झालं म्हणायला जीभ रेटत नाही. पण अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आमचे आप्पा बेळगावातल्या वडगावचे. ३५ वर्षं साडीच्या मागावर गेली, एक धागा तुटला तरी लांबनं ओळखायचे. आता काचबिंदूमुळं टॅबवर अक्षर एवढं मोठं करतात की एका ओळीत तीनच शब्द बसतात. मग ओळीवर बोट ठेवून वाचायचं, बोट लागून पान उलटतं, मग परत मागं यायचं, पण वाचणं सोडत नाहीत. छापील पुस्तक जमत नाही म्हणून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी एका मराठी पुस्तकांच्या ॲपवर त्यांच्यासाठी ई-पुस्तकं घ्यायला लागलो. ॲपचं नाव घेत नाही, घेऊन काय करणार, सगळ्यांची तऱ्हा एकच. चार वर्षांत ६४ पुस्तकं झाली, ६,८४० रुपये गेले. हा हिशोब मी नंतर घातला, आधी कधी घातलाच नव्हता ही माझी पहिली चूक. तुम्ही आजच घाला आणि बिलाचे सगळे ईमेल एका फोल्डरमध्ये टाका.

तर २०२४ चा गणपती. आमच्या बेळगावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते हे इथल्यांना सांगायला नको. १८ सप्टेंबरला पहाटे कपिलेश्वरच्या तलावाजवळ गर्दीत धक्का लागला आणि माझा फोन बाप्पाच्या मागोमाग पाण्यात. लोक ‘मोरया’ ओरडालेत आणि मी पायरीवर बसून पाण्याकडं बघालोय. सिम दुसऱ्या दिवशी मिळालं, फोन त्याच आठवड्यात घेतला, बँकेची ॲप चालू झाली. सगळं सुरळीत. फक्त पुस्तकांचं ॲप उघडलं तर लाल अक्षरात, ‘डिव्हाइस मर्यादा संपली आहे. कृपया जुन्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.’

मर्यादा दोनची. एक माझा फोन, जो तलावात. दुसरा आप्पांचा टॅब, जो चालू होता. म्हटलं आप्पांचं तर चाललंय, माझं बघू सावकाश. पण त्याच पंधरवड्यात टॅबची बॅटरी फुगली, दुकानदार म्हणाला फेकून द्या, पेटेल. नवा टॅब आणला, आणि आता दोन्ही जागा मेलेल्या यंत्रांनी अडवलेल्या, ६४ पुस्तकं आत आणि आप्पा बाहेर.

आता खरी गंमत. ॲपमध्ये चॅट आहे. चॅटवर आधी रोबो बोलतो, तो तीन पर्याय देतो, त्यात आपला पर्याय नसतो. मग ‘इतर’ दाबायचं, मग माणूस येतो. पहिल्या माणसाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सर, जुन्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘डिव्हाइस काढा’ दाबा.” म्हटलं, अहो फोन तलावात आहे. तो म्हणाला, “ओके सर, मग जुना फोन मिळाल्यावर दाबा.” शप्पथ सांगतो, हेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, परत पहिल्यापासून गोष्ट. त्यानं ईमेल करायला सांगितलं. ईमेलला उत्तर आलं की जुन्या डिव्हाइसच्या ‘अबाउट’ पानाचा स्क्रीनशॉट पाठवा. बुडालेल्या फोनचा स्क्रीनशॉट! (स्क्रीनशॉटवरनं आठवलं, ह्या ॲपमध्ये पुस्तकाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढला तर काळं येतं, एक ओळ कॉपी करून कुणाला पाठवता येत नाही. आपण चोर आहोत असं धरूनच सगळं बनवलेलं.)

चौथ्या ईमेलला म्हणाले, फोन हरवल्याची पोलिसांची पोच द्या. गेलो स्टेशनात. तिथल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं चोरीला गेला काय, मी म्हटलं नाही, गणपतीबरोबर गेला. ते हसले, पण पोच दिली, अर्ध्या तासात. पोच अर्थात कन्नडमध्ये. ती पाठवली तर ॲपवाल्यांचं उत्तर, ‘दस्तऐवज वाचता येत नाही, कृपया मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत पाठवा.’ आता आम्ही सीमाभागातली माणसं, ह्याची आम्हाला सवय. इकडं मराठी कागद नेला की कन्नड मागतात, तिकडं कन्नड पाठवला की मराठी मागतात, आणि मधे आम्ही. मला कन्नड वाचता येतं, मीच भाषांतर केलं, टाइप करून पाठवलं. तर म्हणाले नोटरी करून द्या. कोर्टाजवळ जाऊन २०० रुपये देऊन नोटरी केली. नोटरीसाहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, “काय हो, पुस्तकासाठी?” म्हणून. एवढं करून उत्तर काय आलं? ‘आमच्या सिस्टिममध्ये बाहेरून डिव्हाइस काढण्याची सोय नाही.’ मग हे आधी का नाही सांगितलं! २०० रुपये, दोन अर्ध्या रजा, ११ ईमेल.

त्या दिवशी मी चिडून लिहिलं की मी ही पुस्तकं विकत घेतलीत, माझी वस्तू माझ्या घरात मला उघडू देत नाही म्हणजे काय. त्यावर उत्तर आलं ते मी छापून ठेवलंय. ‘आपण पुस्तक खरेदी केलेले नसून ते वाचण्याचा परवाना घेतलेला आहे, पाहा अटी व शर्ती.’ मग अटी पहिल्यांदा वाचल्या. खरंच तसं होतं. परवाना कधीही काढून घेता येतो, दुसऱ्याला देता येत नाही, प्रकाशकानं पुस्तक मागं घेतलं तर ते दिसणार नाही. पण बटणावर काय लिहिलंय? ‘खरेदी करा’. बटणावर परवाना नाही, बिलावरही नाही. आणि कर बघा, छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, ह्या न घेतलेल्या पुस्तकावर ५ टक्के. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियानं कायदाच केलाय, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की नुसता परवाना देत असाल तर तसं ठळक सांगितल्याशिवाय ‘बाय’ लिहायचं नाही. आपल्याकडं तसं काही नाही. म्हणून टीप, बटणाचा फोटो काढून ठेवा. स्क्रीनशॉट येत नसेल तर दुसऱ्या फोननं. मी बायकोच्या फोननं काढला आणि शेवटी त्याचाच उपयोग झाला असं माझं मत.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, “मामा, कशाला डोकं लावालाय, नवी एक-दोन पुस्तकं घ्या, मी त्यांचं कॉपी न होऊ देणारं कुलूप तोडून देतो, एक सॉफ्टवेअर आहे.” मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी थोडं वाचलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ कलम घातलंय, लेखकाचा, प्रकाशकाचा हक्क मोडायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर ते कलम आड येत नाही असंही त्यातच आहे, पण तोडून देणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव, पत्ता, कारण सगळं लिहून ठेवायचं. भाच्याला म्हटलं, वही घालून बसशील काय? तो गप्प. आणि खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा मला राग जास्त होता, मला ते सरळ वाटेनंच त्यांच्याकडनं उघडून घ्यायचं होतं.

आता जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते सांगतो. कस्टमर केअरच्या नादाला लागू नका. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. ह्या ॲपवाल्यांनी तो पत्ता अटींच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात टाकलेला. आप्पांना तर दुर्बिणीनंही दिसला नसता. २५ ऑक्टोबरला मी तिथं पाठवलं, एकच ईमेल, तारखा घालून, सगळे जुने ईमेल जोडून, शिव्या काढून (आधीच्या मसुद्यात होत्या). पोच ४८ तासांत नाही, सहाव्या दिवशी आली. महिना गेला, काही नाही.

मग १९१५ ला फोन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, दिला. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे हे लक्षात ठेवा, ती तक्रार कंपनीकडं ढकलते, हुकूम देऊ शकत नाही. पण कंपनीला कळतं की हा माणूस सोडणारा नाही. तिकडं फोन केल्याबरोबर मी जिल्हा ग्राहक आयोगाची तयारीही चालू केली. ओळखीच्या वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या सोन्यासारख्या. एक, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी शून्य. दुसरी, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं आपण राहतो तिथं तक्रार घालता येते, कंपनी कुठल्या राज्यात आहे ते बघायचं नाही. अटींत कंपनीनं तिच्याच शहरातल्या कोर्टाचं नाव घातलेलं, ते वाचून मी घाबरून बसलो होतो. दोन वर्षांच्या आत घालायची एवढंच. फक्त ‘ह्या अटीच अन्यायकारक आहेत’ असा मुद्दा काढला तर ते जिल्ह्यात नाही, राज्य आयोगात जातं, म्हणून वकील म्हणाले, तू सेवेतल्या त्रुटीवर धर. कायद्यातल्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत ‘डिजिटल उत्पादनं’ असा शब्दच आहे, तोही मसुद्यात घातला. तेव्हा ऑनलाइन घालायला ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय, तुम्ही तिकडं जा.

घालायची वेळ आली नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, इकडं बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू आणि मी हायवेला अडकलेला, तेव्हा फोन आला. पहिल्यांदा ॲपवाल्यांनी मला केलेला. बाई एकदम गोड. मी मसुदा त्यांना आदल्याच आठवड्यात पाठवला होता, बटणाच्या फोटोसकट. “सर, आम्ही तुमची केस स्पेशल म्हणून घेतलीय.” गाडी बाजूला घेऊन बोललो. खातं उघडलं. उघडल्यावर मोजली तर पुस्तकं ५५. नऊ गेली, प्रकाशकानं मागं घेतली म्हणे. परत भांडण, पण आता मला सराव झालेला, दोन ईमेलमध्ये त्या नऊंचे १,०३५ रुपये परत आले, २८ डिसेंबरला. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा न मागता पैसे परत दिले होते, हे मी त्यांना लिहिलं होतं. उपयोग झाला की नाही देव जाणे, पण लिहिताना बरं वाटलं. आप्पांना पैशाचं काही नव्हतं. त्या नऊपैकी एक पुस्तक त्यांचं निम्मं वाचून झालेलं, “पुढं काय झालं ते कोण सांगणार?” एवढंच विचारलं. शेवटी ते छापील मागवलं आणि बायको रोज संध्याकाळी चहानंतर दोन पानं वाचून दाखवते.

एक राहिलंच. ह्या ॲपमध्ये ‘वाचून दाखवा’ हे बटण ५५ पैकी फक्त सहा पुस्तकांना चालतं, बाकी ठिकाणी करडं. फोनचा स्क्रीन रीडरही काही बोलत नाही. त्यावर मी काही मिळवू शकलो नाही, ‘प्रकाशकाची परवानगी नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर. पण ज्यांच्या घरी डोळ्यांचा त्रास असलेलं कुणी आहे त्यांनी सुगम्य पुस्तकालय बघा, २०१६ पासून चालू आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी ऑनलाइन ग्रंथालय. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अपंगांना वाचता येईल अशी प्रत करायला सूट आहे, आणि अशाच प्रतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. हे सगळं मला ११ ईमेल झाल्यावर कळलं. आप्पांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातनं काढलं, त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आणि हो, डिव्हाइस त्यांनी काढलंच नाही. सिस्टिममध्ये सोय नाही म्हणाले ते खरंच होतं. त्यांनी काय केलं, माझ्या खात्याची मर्यादा दोनची चार करून दिली. आता यादी उघडली की चौथ्या नंबरला माझा नवा फोन, तिसऱ्याला आप्पांचा नवा टॅब, दुसऱ्याला बॅटरी फुगलेला टॅब आणि सगळ्यात वर, ‘शेवटचा वापर १८ सप्टेंबर २०२४, पहाटे ४.४०’, कपिलेश्वरच्या तलावातला.