गमबुटांचा ठेका

पाऊस सरला की आमचे गमबूट धुऊन गॅलरीत उलटे टांगायचे, हे काम माझ्याकडे असतं. परवा पाणी निथळावं म्हणून दोन्ही एकमेकांवर आपटले, तर काय भरदार 'थप्प' निघाला! मग राहवेना. बूट पायांत चढवून पोटरीवर चापट मारून पाहिली. वाजतात की!

या चापटीवर दक्षिण आफ्रिकेत अख्खा नाच उभा आहे. झुलू भाषेत त्याचं नाव 'इसिकाथुलो', म्हणजे नुसतं 'पादत्राण'. त्यातला 'क' आपला नव्हे. कुणाची कीव आल्यावर जिभेने 'च्च' करतो ना, तो. आपण ज्याने हळहळतो, त्याचं तिथे अक्षर आहे, याची मला भारी गंमत वाटते.

दरबानच्या गोदीतले हमाल बूट घालून असं नाचायचे. पुढे हा नाच जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत रुजला. तिथे 1886 साली सोनं सापडलं आणि गावोगावचे तरुण घरदार सोडून खाणीच्या आवारातल्या बराकींत राहायला आले. अनवाणी पाय उंच उचलून जमिनीवर आदळणं ही झुलूंची जुनी रीत. इथे पायांत रबर आलं, तर त्यांनी रबरच वाजवलं.

आपल्या कोळीनृत्यात वल्हं दिसतं, जाळं दिसतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मीही हवेत वल्हं मारलेलं आहे. गमबुटांच्या नाचात मात्र मी कुदळ शोधत बसलो. दिसला तो मुकादम! म्होरक्या हुकूम सोडतो, रांग खाडकन सलाम ठोकते, साहेबाची चाल उचलते. हुकूमही बहुधा फनकालोत, म्हणजे खाणीत कामं सांगायला झुलू, इंग्रजी आणि आफ्रिकान्स कालवून केलेल्या बोलीत. खाणवाल्यांनी रविवारच्या नाचांसाठी पुढे आखाडेही बांधून दिले, पाहुणे आणून बसवले. म्हणजे साहेबाची नक्कल, साहेबाच्याच खर्चाने.

गॅलरीत मी सलाम ठोकला, तो बरा जमला. बुटावर चापट मारायची तर मात्र कंबरेत वाकूनच राहावं लागतं. सातव्या-आठव्या चापटीला पाठीने जाब विचारला आणि मी कठडा धरून सरळ झालो.

खाणीतली ती माणसं आठवडाभर जमिनीखाली वाकायची. रविवारी वर येऊन पुन्हा वाकायची, या वेळी स्वतःच्या ठेक्यावर.